राजपुताना: गांधीजींना विलायतेला नेणारी बोट युद्धात कशी गेली

29 ऑगस्ट 1931 रोजी गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले, ते 'राजपुताना' नावाच्या बोटीनं. सोबत सरोजिनी नायडू, मदनमोहन मालवीय, महादेवभाई देसाई, प्यारेलाल, मीराबेन अशी मंडळी होती. परिषदेचं पुढं काय झालं हे आपण इतिहासात वाचतो. बोटीचं काय झालं हे सहसा कुणी सांगत नाही. साडेनऊ वर्षांनी, 13 एप्रिल 1941 रोजी, तीच बोट अंगावर तोफा घेऊन आइसलँडच्या पश्चिमेला बर्फाळ समुद्रात गस्त घालत होती. जर्मन पाणबुडीनं तिला तिथं गाठलं. तिच्यावरचे 42 जण गेले आणि बोट अटलांटिकच्या तळाशी गेली.

मुंबई ते लंडन टपाल आणि साहेबलोक वाहणारी प्रवासी बोट आर्क्टिकच्या उंबऱ्यावर तोफा घेऊन काय करत होती? हे समजून घ्यायचं तर आधी अशी बोट म्हणजे नेमकं काय प्रकरण होतं ते पाहावं लागतं.

वेळापत्रकावर चालणारी बोट

समुद्रातून जाणारं प्रत्येक मोठं प्रवासी जहाज 'लायनर' नसतं. लायनर म्हणजे ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वारी, ठरलेल्या बंदरांना लागत जाणारं जहाज. माल भरला नाही म्हणून ते थांबत नाही आणि पावसाळा आहे म्हणून निघायचं राहत नाही. अरबी समुद्रातल्या जून-जुलैच्या उधाणातही बोट सुटली पाहिजे, कारण तिच्या पोटात टपालाच्या थैल्या असतात आणि त्या टपालासाठी सरकारनं कंपनीशी करार केलेला असतो. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली पी अँड ओ, या कंपनीचा सगळा डोलारा या टपाल करारांवर उभा होता. सरकार तिला ठरावीक रक्कम देई. बदल्यात जहाजांनी वेग आणि वेळ पाळायची.

यातून घडलेलं जहाज खास असतं. त्याचं इंजिन आठवडेच्या आठवडे न थांबता चाललं पाहिजे. इंधन साठवायची जागा मोठी हवी. खवळलेल्या समुद्रात शेकडो माणसांना घेऊन टिकायचं तर कडा उंच हव्यात, बांधा भक्कम हवा. ही तीन लक्षणं ध्यानात ठेवा. नौदलाचा डोळा या जहाजांवर होता तो त्यांच्याचसाठी.

मुंबई या सगळ्याच्या मध्यभागी होती. टपालबोटी बॅलार्ड पिअरला लागत. धक्क्याला लागूनच बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्थानक होतं. बोटीतून उतरलेला प्रवासी जवळपास तसाच गाडीत बसे. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल याच बोटींच्या वेळा धरून थेट पेशावरकडे जाई. दुसऱ्या टोकालाही अशीच सोय होती. बोट एडन, सुएझ, पोर्ट सैद करत मार्सेयला पोचली, की घाई असलेले प्रवासी तिथंच उतरून रेल्वेनं फ्रान्स ओलांडत. बोट जिब्राल्टरला वळसा घालून सावकाश इंग्लंडला जाई. गांधीजींनी हाच मार्ग धरला. 11 सप्टेंबरला मार्सेय, 12 ला लंडन. दोन आठवड्यांत मुंबई ते लंडन हा त्या काळचा जलद प्रवास होता.

चार बहिणी

'राजपुताना' एकटी नव्हती. पहिल्या महायुद्धात पी अँड ओच्या कितीतरी बोटी बुडाल्या होत्या. ती खिंडारं भरून काढण्यासाठी कंपनीनं 1925 च्या सुमारास एकाच नमुन्याच्या चार बोटी उतरवल्या: 'रांची', 'रणपुरा', 'रावळपिंडी' आणि 'राजपुताना'. चारही नावं हिंदुस्थानातली, चारही 'र'पासून सुरू होणारी. 'रावळपिंडी' आणि 'राजपुताना' स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवर ग्रीनॉकला बांधल्या गेल्या, उरलेल्या दोघी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदीकाठी. प्रत्येकीचं आकारमान साडेसोळा हजार टनांच्या आसपास. इथं टन म्हणजे वजन नव्हे. जहाजाच्या आतली बंदिस्त जागा मोजायचं ते एकक आहे. शंभर घनफुटांचा एक टन. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे मिळून सुमारे सहाशे प्रवासी मावत. वेग सतरा नॉट, म्हणजे ताशी साधारण 31 किलोमीटर.

इंजिन होतं वाफेचं, चार टप्प्यांचं. बॉयलरमधून आलेली दाट वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलते. तिथं तिचा जोर थोडा कमी होतो, म्हणून ती पुढच्या, अधिक मोठ्या सिलिंडरमध्ये जाते. मग त्याहून मोठ्या, मग सगळ्यात मोठ्या. एकाच वाफेकडून चार वेळा काम करून घ्यायचं आणि इंधन वाचवायचं. वेग फार नाही, पण भरवसा पक्का.

आतल्या सजावटीचा बराचसा भाग एल्सी मॅके या तरुणीनं ठरवला होता. कंपनीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांची ती मुलगी. केवळ मालकाची मुलगी म्हणून तिच्याकडे काम आलं असं समजू नये. ती स्वतः विमान चालवायची, आणि ते दिवस बायकांनी विमान चालवण्याचे नव्हते. मार्च 1928 मध्ये कॅप्टन हिंचलिफ यांच्यासोबत विमानानं अटलांटिक ओलांडायला ती निघाली आणि परत आली नाही. तिनं सजवलेली बोटही पुढं त्याच महासागरात नाहीशी झाली. मला या बोटींच्या सगळ्या हकिगतीत ही मुलगी फार आठवत राहते.

डेकवर कोण, डेकखाली कोण

शांततेच्या चौदा वर्षांत 'राजपुताना'नं काय पाहिलं नाही! जानेवारी 1929 मध्ये मुंबईहून एक साधा हवाई सैनिक तिच्यावर चढला. कागदोपत्री नाव शॉ, पण खरा तो टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगभर गाजलेला माणूस. तो नाव बदलून हवाई दलात शिरला होता आणि वायव्य सरहद्दीवरच्या मीरानशाहच्या ठाण्यावर होता. अफगाणिस्तानात बंड पेटलं आणि त्यामागं लॉरेन्सच आहे अशा बातम्या छापून आल्या. सरकार अडचणीत आलं आणि त्याला घाईनं हिंदुस्थानातून हलवलं. 'राजपुताना'नं त्याला फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्लिमथला उतरवलं.

गांधीजींनी दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं होतं. त्यांचा मुक्काम मात्र बहुतेक डेकवरच असे. चरखा, प्रार्थना, भेटायला येणारे प्रवासी, सगळं तिथंच. सोबत्यांनी जमवलेलं सामान पाहून ते चांगलेच रागावले आणि एडनहून बऱ्याच बॅगा परत पाठवायला लावल्या. मालवीयजींनी येताना गंगाजल घेतलं होतं. त्यांचा तो निर्धार आणि गांधीजींचा तो हट्ट एकाच बोटीत सुखानं नांदले.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकानं जोडून घेण्यासारखी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही गोलमेज परिषदांना पी अँड ओच्याच बोटींनी गेले. पहिल्या परिषदेला 4 ऑक्टोबर 1930 रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'नं, आणि दुसरीला 15 ऑगस्ट 1931 रोजी 'मुलतान'नं, म्हणजे गांधीजींच्या दोन आठवडे आधी. या दोन्ही बोटीही पुढं युद्धात उतरल्या. त्यांचं काय झालं ते पुढं येईलच.

आता डेकखाली. या बोटी चालवत होते ते मुख्यतः हिंदी खलाशी, ज्यांना इंग्रजी कागदांत 'लस्कर' म्हणत. कामाची वाटणी माणसाच्या मुलखावरून आणि धर्मावरून पडलेली असे. डेकवर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची माणसं, इंजिनखोलीत भट्टीपाशी पंजाब आणि सरहद्दीकडचे मुसलमान आगवाले, आणि प्रवाशांच्या जेवणघरात, केबिनींत गोव्याचे ख्रिस्ती कारभारी. प्रत्येक गटाचा मुकादम असे. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी, आणि त्यांच्यासाठी रांधणारा भंडारी. भरती बऱ्याचदा सारंगाच्या हातात असे. म्हणून नोकरी लागायची तर त्याची मर्जी राखावी लागे, आणि कित्येकदा त्याच्या हातावर पैसेही ठेवावे लागत. गोव्याची माणसं दोन सफरींच्या मधल्या दिवसांत मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात राहत. गावकऱ्यांनी वर्गणीतून चालवलेल्या या खोल्यांत पेटी ठेवायला जागा, निजायला जमीन आणि संध्याकाळी तेर्साची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना असे.

पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या लहानशा हिश्शाएवढा. झोपायची जागाही कमी. हे सगळं कायदेशीर करारानं चाले. युद्धाच्या आधी ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या दर चार माणसांत जवळपास एक असा हिंदी होता. कंपनीचा नफा आणि तिकिटाचा दर दोन्ही या फरकावर उभे होते, हे न सांगता या बोटींच्या थाटामाटाचं वर्णन करणं मला तरी अपुरं वाटतं.

नौदलाला प्रवासी बोटी का लागल्या?

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश नौदलापुढं जुनाच प्रश्न उभा राहिला. जर्मनीला समुद्रमार्गे माल मिळू द्यायचा नाही, म्हणजे नाकेबंदी करायची. जर्मन युद्धनौकांना अटलांटिकमध्ये मोकळं सुटू द्यायचं नाही. यासाठी स्कॉटलंड, फेरो बेटं, आइसलँड आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या शेकडो किलोमीटर रुंद पाण्यावर बारा महिने पहारा ठेवायचा. पहाऱ्याला लागतात क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराच्या, दूरवर फिरणाऱ्या युद्धनौका. त्या नौदलाकडे गरजेपेक्षा फार कमी होत्या आणि एक बांधायला काही वर्षं जात.

मग लायनरकडे नजर वळली. आता ती तीन लक्षणं आठवा. आठवडेच्या आठवडे न थांबता चालणारं इंजिन, मोठा इंधनसाठा, आणि वादळात तग धरणारा उंच, भक्कम बांधा. पहाऱ्याला नेमकं हेच लागतं. सरकारनं पन्नासहून अधिक लायनर ताब्यात घेऊन त्यांना 'सशस्त्र व्यापारी क्रूझर' केलं. यात नवीन काही नव्हतं. पहिल्या महायुद्धातही हेच केलं होतं. वेळ आलीच तर तोफा बसवता याव्यात म्हणून काही लायनरचे डेक बांधतानाच बळकट केलेले असत.

कामाला काही आठवडे पुरत. चित्रं, गालिचे, फर्निचर बाहेर काढायचं. पांढऱ्या-काळ्या रंगावर राखाडी फासायचा. डेकवर आठ 6 इंची तोफा आणि विमानांवर रोखायला दोन लहान तोफा बसवायच्या. दारूगोळ्यासाठी कोठारं करायची. बऱ्याच बोटींच्या मालाच्या कोठारात रिकामी पिंपं खच्चून भरली गेली, कारण पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, लागून पाणी शिरलंच तर ती पिंपं बोटीला काही काळ तरी वर धरून ठेवतील. 'राजपुताना'चं हे रूपांतर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, एस्क्विमॉल्टला झालं आणि 1939 च्या अखेरीस ती नौदलाच्या यादीत दाखल झाली. नौदलाचे आणि राखीव दलाचे लोक तिच्यावर आले. कंपनीच्या ब्रिटिश कर्मचाऱ्यांपैकी काहींनी 'टी-124' नावाचा करार केला. त्यानुसार पगार व्यापारी जहाजाचा, पण शिस्त नौदलाची असे.

आता या योजनेतली उणीव. तोफा बसवल्या म्हणून प्रवासी बोट युद्धनौका होत नाही. युद्धनौकेला पोलादी चिलखत असतं, बोटीला नसतं. युद्धनौकेचं पोट अनेक छोट्या बंद कप्प्यांत विभागलेलं असतं, म्हणजे एका ठिकाणी भोक पडलं तरी पाणी तिथंच अडतं. प्रवासी बोटीत जेवणाचे दिवाणखाने असतात, मालाची प्रशस्त कोठारं असतात. पाणी एकदा आत आलं की त्याला अडवायला फारसं काही नसतं. तिच्या तोफा बहुतेक जुन्या, पहिल्या महायुद्धाच्या किंवा त्याही आधीच्या. युद्धनौकेत अंतर, वेग, वारा यांचा हिशेब एके ठिकाणी होऊन सगळ्या तोफांना एकच नेम मिळतो, इथं ती सोय जेमतेम. आणि ज्या उंच बांध्यामुळं ती वादळात तरते, त्याच बांध्यामुळं ती फार दुरून दिसते. टपालाच्या कामात जे गुण होते त्यातलेच काही तोफेसमोर दोष ठरले. खलाशांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. या जहाजांच्या 'एएमसी' या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांनी स्वतःच 'नौदल खात्यानं बनवलेल्या शवपेट्या' असं नाव पाडलं होतं.

'रावळपिंडी'ची चाळीस मिनिटं

ही उणीव जगाला दिसली ती 23 नोव्हेंबर 1939 रोजी. 'रावळपिंडी' आइसलँडच्या आग्नेयेला पहाऱ्यावर होती. कप्तान होते एडवर्ड केनेडी, साठीचे, कधीच निवृत्त झालेले आणि युद्धासाठी परत बोलावलेले. दुपार कलत असताना क्षितिजावर एक मोठं जहाज दिसलं. ती जर्मनीची 'शार्नहॉर्स्ट' ही युद्धनौका होती, आणि मागोमाग तिची जोडीदार 'ग्नायझेनाऊ'.

दोन्ही बाजूंचं बळ आकड्यांत पाहा, म्हणजे पुढचं सांगायची फारशी गरज उरत नाही. 'रावळपिंडी'च्या 6 इंची तोफेचा गोळा सुमारे 45 किलोचा. आठ तोफांपैकी साधारण निम्म्याच एका वेळी एका बाजूला रोखता येत. म्हणजे एका फेरीत जेमतेम 180 किलो पोलाद. 'शार्नहॉर्स्ट'च्या 28 सेंटिमीटरच्या नऊ तोफा, प्रत्येक गोळा 330 किलोचा. म्हणजे एका फेरीत जवळपास तीन टन. 'ग्नायझेनाऊ' तशीच, म्हणजे दुप्पट. जर्मन तोफांचा पल्लाही कितीतरी लांब. वेगात 'रावळपिंडी' सतराची, त्या एकतीस नॉटच्या. पळून जाणं शक्य नव्हतं.

थांबा, असा इशारा जर्मन जहाजानं दिला. केनेडींनी शत्रू दिसल्याची खबर बिनतारी संदेशानं धाडली, धुराचा पडदा सोडून धुक्याकडे वळायचा प्रयत्न केला, आणि तो फसल्यावर शरण न जाता तोफा चालवल्या. त्यांचा एक गोळा 'शार्नहॉर्स्ट'ला लागलाही. चाळीस मिनिटांत 'रावळपिंडी' पेटून संपली. 238 जण गेले. वाचले फक्त 37. त्यातल्या 26 जणांना जर्मनांनी उचललं, आणि 11 जणांना दुसऱ्या दिवशी पी अँड ओच्याच 'चित्रळ' या बोटीनं, जी तशाच राखाडी रंगात त्याच पहाऱ्यावर होती.

हे सगळं व्यर्थ गेलं का? मला तसं वाटत नाही, पण उत्तर सरळही नाही. ती खबर मिळाल्यामुळं 'न्यूकॅसल' ही खरीखुरी क्रूझर तिथं धावली. तिला पाहताच जर्मन जहाजं धुक्यात शिरली आणि मोहीम सोडून मायदेशी परतली. पहारेकऱ्याचं काम शत्रूला हरवणं नसतं. तो आला आहे हे ओरडून सांगणं असतं. तेवढं काम 'रावळपिंडी'नं केलं. पण ज्यांना ते ओरडायला उभं केलं, त्यांच्या हाती स्वतःला वाचवायला काहीच दिलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

'राजपुताना'चं शेवटचं वर्ष

'राजपुताना'कडे सुरुवातीच्या काळात ताफ्यांची राखण आली. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातून चाळीस-पन्नास मालवाहू जहाजं एकत्र निघत, अन्न, तेल, पोलाद, शस्त्रं घेऊन ब्रिटनकडे. त्यांच्या मधोमध एखादी सशस्त्र लायनर असे. एकट्यादुकट्या जर्मन युद्धनौकेनं किंवा व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेल्या हल्लेखोरानं ताफ्यावर झडप घातली तर तिनं मध्ये पडायचं. नोव्हेंबर 1940 मध्ये 'जर्व्हिस बे' या बोटीनं हेच केलं. 'अॅडमिरल शेअर' या जर्मन युद्धनौकेच्या अंगावर ती एकटी चालून गेली, बुडाली, आणि तेवढ्या अवधीत ताफ्यातल्या 37 जहाजांपैकी बहुतेक पांगून निसटली.

पाणबुडीपुढं मात्र ही राखण लुळी होती. 6 इंची तोफ पाण्याखाली काही करू शकत नाही. पाणबुडी शोधायला लागतं ते ध्वनीलहरी पाण्यात सोडून प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र, तिला मारायला लागतात खोल पाण्यात फुटणारे सुरुंग, आणि तिला चुकवायला लागते चपळाई. उंच, लांबलचक, सतरा नॉटची लायनर म्हणजे पाणबुडीच्या कप्तानासाठी सगळ्यात सोपं लक्ष्य. 1940 च्या उन्हाळ्यापासून एकामागून एक अशा बोटी पाणतीरांनी बुडू लागल्या.

एप्रिल 1941 चे पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. 4 तारखेला 'व्होल्टेअर' एका छुप्या जर्मन हल्लेखोर जहाजानं बुडवली. 6 तारखेला पी अँड ओची 'कोमोरिन' भर अटलांटिकमध्ये आग लागून गेली. आणि 13 तारखेला 'राजपुताना'. चार दिवसांपूर्वी ती एका ताफ्याची राखण करून त्याच्यापासून वेगळी झाली होती. आइसलँड आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत क्लाउस शोल्ट्स यांच्या 'यू-108' या पाणबुडीनं तिच्यावर पाणतीर सोडले. तासाहून अधिक वेळ ती तरंगत राहिली, आणि त्या तासानं माणसं वाचवली. 'लिजन' या विनाशिकेनं 283 जणांना बाहेर काढलं. मेलेल्या 42 जणांत कमांडर रिचर्डसन होते. ही बोट मुंबईला येत-जात असे तेव्हाचे ते तिचे शेवटचे कप्तान. बोट नौदलात गेली तेव्हा ते तिच्यासोबत गेले होते.

त्या सामुद्रधुनीत पहारा का हवा होता हे सहाच आठवड्यांत कळलं. मे 1941 मध्ये 'बिस्मार्क' ही महाकाय जर्मन युद्धनौका तिथूनच अटलांटिकमध्ये शिरली आणि 24 मे रोजी ब्रिटनची 'हूड' ही युद्धनौका तिनं बुडवली. तिच्यासमोर 'राजपुताना' असती तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

एकूण पंधरा सशस्त्र लायनर युद्धात गेल्या. 1941 नंतर नौदलानं हळूहळू हा प्रयोग आवरता घेतला आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच बोटी त्यांच्या मूळ कामाच्या जवळच्या कामाला लावल्या: माणसं वाहणं. आता प्रवाशांऐवजी सैनिक. या कामात लायनरला तोड नव्हती. मला वाटतं, पहिल्या दिवसापासून त्यांना इथंच ठेवायला हवं होतं; पण 1939 मध्ये पहाऱ्याला दुसरं कुणी नव्हतं, हेही मान्य करावं लागतं.

बाकीच्यांचं काय झालं

बाबासाहेबांना पहिल्या परिषदेला नेणारी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' तेव्हा पी अँड ओच्या ताफ्यातली सगळ्यात आधुनिक बोट होती. 1929 साली आलेल्या या बोटीत वाफेची टर्बाइनं थेट पंखे फिरवत नसत. ती वीज तयार करत आणि त्या विजेवर मोटारी पंखे फिरवत. त्यामुळं बोट विलक्षण शांत चाले. नोव्हेंबर 1942 मध्ये उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेसाठी तिनं सैनिक उतरवले आणि परत निघाल्यावर, 11 तारखेला, अल्जेरियातल्या ओरानजवळ 'यू-407'नं तिला बुडवलं. सैनिक आधीच उतरले होते, म्हणून चौघांवर निभावलं.

दुसऱ्या परिषदेची 'मुलतान' नशीबवान. तीही आधी सशस्त्र क्रूझर झाली, मग सैन्यवाहू झाली, त्याच उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत गेली, आणि सुखरूप परतली. युद्धानंतर तिनं ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्या केल्या आणि 1954 मध्ये ती मोडीत निघाली. 'रांची'ही वाचली, स्वस्त तिकिटावर ऑस्ट्रेलियात नवं आयुष्य शोधायला निघालेली ब्रिटिश कुटुंबं तिनं वाहिली आणि 1953 मध्ये ती तोडली. 'रणपुरा' सगळ्यात जास्त जगली. 1936 मध्ये लंडनच्या प्रदर्शनातून परत चाललेला चिनी राजघराण्याचा अनमोल कलासंग्रह पोटात असताना ती जिब्राल्टरजवळ रुतून बसली होती. संग्रहाला धक्का लागला नाही. युद्धात ती पहाऱ्यावर होती, नंतर नौदलानं तिला तरंगता दुरुस्ती कारखाना केलं, आणि 1961 पर्यंत ती टिकली.

मुंबईची टपालबोट मात्र पुन्हा पूर्वीसारखी सुरू झाली नाही. चारांतल्या दोन बहिणी बुडालेल्या, टपाल विमानानं जाऊ लागलेलं, आणि ज्या राज्यकारभारासाठी साहेबांची येजा चाले तोच 1947 मध्ये संपलेला.

राहता राहिले डेकखालचे लोक. युद्ध सुरू होताच, 1939 च्या शरदात, हिंदी खलाशांनी लंडनपासून अनेक बंदरांत संप केले. पाणतीरांच्या समुद्रात जायचं तर पगार वाढवा, ही त्यांची मुख्य मागणी होती. काहींना तुरुंगात टाकलं, पण शेवटी पगार वाढवावे लागले. मग ही माणसं मालवाहू आणि सैन्यवाहू बोटींवर सहा वर्षं राबली. इंजिनखोली जहाजाच्या अगदी तळाशी; पाणतीर बहुतेक तिथंच लागतो. युद्धात गेलेल्या हिंदी नाविकांची आणि व्यापारी खलाशांची सहा हजारांहून अधिक नावं एका स्मृतिग्रंथात नोंदलेली आहेत. त्याची एक प्रत मुंबईच्या इंडियन सीमेन्स होममध्ये आहे आणि दुसरी चितगावला. त्यांना कबर नाही, म्हणून ग्रंथ. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) संकेतस्थळावर ही नावं शोधता येतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड किंवा गोव्यातल्या तुमच्या घरात 'आजोबा बोटीवर होते, परत आले नाहीत' एवढीच आठवण उरली असेल, तर नाव, वडिलांचं नाव आणि गाव हाताशी घेऊन तिथं शोधून पाहा. इंग्रजी कारकुनांनी आपली नावं कशीही लिहिली आहेत, तेव्हा दोन-चार वेगवेगळी स्पेलिंगं करून पाहावी लागतील.